एक फोन करायला काय झालं होतं

आज पार्क स्टेडियमवर पोचायला मला उशीर झाला. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, ते असो. रिक्षातनं उतरते तर आत म्युझिक चालू. माझ्याच चीअरलीडर पोरी, आणि प्रॅक्टिस अर्ध्यावर आलेली. एकीनंही फोन केला नव्हता. मॅम कुठायत, सुरू करू का, काही म्हणजे काही नाही.

एप्रिलात सोलापुरात सकाळी 8 नंतर सिमेंटवर पाय टेकवत नाही, थांबून चालणार नव्हतं हे मला कळतंय की. पण एक मेसेज?

आमचा मोठा आयटम टाइमआउटचा. आयपीएलसारख्या टी-ट्वेंटी लीगमध्ये स्ट्रॅटेजिक टाइमआउट, म्हणजे मॅच मधेच थांबते तो ब्रेक, अडीच मिनिटांचा, आमचा ट्रॅक 128 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 128 बीट, एका बीटला एक काउंट, म्हणजे 8 काउंटचे 40 सेट, त्यातले आत यायला 4 नि बाहेर पडायला 4 गेले की नाचायला उरले 32. पोरी बाउंड्रीच्या कडेनं लांबवर पसरलेल्या, स्पीकर सगळे एका बाजूला, शेवटची पोरगी 70 मीटरवर असली की तिला आवाज सेकंदाचा पाचवा भाग उशिरा पोचतो, जवळजवळ अर्धा बीट. म्हणून इतकी वर्षं मी हातानं काउंट देत आले, लांबच्या पोरी कानावर नाही, माझ्या हातावर नाचायच्या. आज कॅप्टननं स्टेपच बदलली. स्पीकरजवळच्या उंच पोरीचा पॉम-पॉम, हातातला झुपकेदार गोंडा, दर सेटच्या पहिल्या काउंटला वर जातो, बाकीच्यांनी तो धरायचा. कॅप्टन मांडीवर थाप मारत "पाच सहा सात आठ", अगदी माझ्यासारखं, मधूनच तेलुगूत, आणि लांबची टोळी बरोबर बीटवर. मी गेटपाशी उभी. कुणाचं लक्षही नाही.

लई वाईट वाटलं. ह्या पोरींसाठी मी घरोघर गेलीय. 2008 ला आयपीएल आलं तेव्हा बाहेरदेशच्या चीअरलीडर टीव्हीवर दिसायच्या, लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय, एकीचे वडील तर दारातच उभे राहून बोलत होते. ऑलिम्पिक समितीनं 2021 ला चीअरलीडिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली हे सांगितल्यावर त्यांनी आत बोलावलं, चहा टाकायला सांगितला. तीच पोरगी आज कॅप्टन. आणि फोन नाही.

दुपारभर हेच डोक्यात. भाकरी थापताना पण तेच, आईनं दोनदा विचारलं काय झालं.

आता रात्री लिहिताना मात्र जरा वेगळं दिसतंय. मॅचला मला दोरीच्या बाहेरच राहावं लागतं, फ्लडलाइटच्या झगझगाटात माझा हात शोधत पोरींच्या नजरा भिरभिरायच्या आणि कॅमेऱ्यात नेमकं तेच यायचं. आज नजर समोर होती, हसू खरं होतं. पॉम-पॉमची स्टेप चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली आहे. आणि पोरगी माझ्याच हाताखाली तयार झालीय, काउंट कुणाच्या तालमीतला आहे ते थापेवरनंच कळतं. फोन करायला हवा होता हे माझं म्हणणं अजून आहे. तिला सांगेन. रागानं नाही.

उद्या मी वर स्टँडमध्ये बसणार. खालनं ओळ सरळ वाटते, वरनं कळतं कोण पुढं सरकलंय. शेवटच्या दोघी गिरकीत फार जागा घेतायत, 20 वा सेट सुरू होताना शेजारणीला धडकतील. ते कॅप्टनला दाखवायचं, पुढचं तिचं तिनं बसवावं.