आज दिवसभर बेटं वेचली

सकाळी ९ पासून मायक्रोस्कोपला डोळे लावून उंदराच्या स्वादुपिंडातली आयलेट्स (म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची इवलीशी बेटं) वेचत बसलेले, एकेक खसखशीच्या दाण्याहून बारीक, मान पार आखडली! थोडी बाजूला काढून डायथायझोन नावाचं रंगद्रव्य टाकलं तर आतल्या झिंकमुळे मस्त कुंकवासारखी लाल झाली, तेवढाच काय तो आनंद. लँगरहान्सने १८६९ ला ही बेटं पहिल्यांदा नोंदवली तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता आणि ती कशासाठी असतात हे त्याला कळलंच नव्हतं, दुपारी माझंही तेच झालेलं 😄

मग आयलेट्सना ग्लुकोज दिलं, आधी कमी (२.८ मिलीमोलर), नंतर जास्त (१६.७). ग्लुकोज आयलेटमधल्या इन्सुलिनवाल्या बीटा पेशीत गेलं की एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, पेशीचं पोटॅशियमचं दार बंद, कॅल्शियमचं उघडतं आणि इन्सुलिन बाहेर. आणि शेवटच्या वॉशला माझ्याच घाईने वीसेक आयलेट्स पिपेटच्या टिपला चिकटून गेली, काय बोलणार.

रात्री आईला फोनवर सांगितलं की तुझी डायबिटीसची ग्लिमेपिराइडची गोळी तेच पोटॅशियमचं दार बंद करते, तर म्हणे, "उंदरांची शुगर रोज बघतेस, माझी कधी बघायला येणारेस?"

शनिवारचं एसटीचं तिकीट काढलंय.