सॉफ्टवेअरचा वर्षाचा प्लॅन घ्यायचाय? आधी ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते बघा

मागच्या गणपतीत आमच्या बिल्ड सर्व्हरचं (कोडमधून तयार सॉफ्टवेअर बनवतो तो) सबस्क्रिप्शन बंद पडलं. पैसे नव्हते असं नाही हां, कार्ड चालू होतं, ऑटो डेबिट पण लावलेलं, पण प्लॅन वर्षाचा आणि रक्कम पंधरा हजारांच्या वर, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा ऑटो डेबिटला १५,००० च्या वर दरवेळी ओटीपी लागतो (आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली). ओटीपी सरांच्या फोनवर. सर कणकवलीच्या पुढे गावी, तिथे रेंज येते ती घरामागच्या आंब्याखाली उभं राहिलं तर. इकडे महापेला मी आणि दोन डेव्हलपर एकमेकांची तोंडं बघत बसलेलो, क्लायंटला रिलीज द्यायचं होतं आणि सर उत्तरपूजा झाल्यावर फोन करतो म्हणाले.

तेव्हापासून प्लॅन निवडायचं काम माझ्याकडे आलंय. सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून घेतलं होतं मला, आता अर्धी अकाउंटंट झालेय.

आमच्या अकाउंट्सच्या काकांचं म्हणणं सरळ आहे, वर्षाचं घ्या, स्वस्त पडतं. ते रेल्वे पासचा हिशोब लावतात. तिमाही पास महिन्याच्या २.७ पट, वर्षाचा १०.८ पट, म्हणजे महिन्याहून जास्तच वाचले, मग इथेही तेच. आता मी ठाण्याहून कोपरखैरणेपर्यंत रोज येते, पासचं गणित मलाही कळतं, पण काका, पास एकटीचा असतो हो. आपण वर्षासाठी १० सीट (म्हणजे १० माणसांची लायसन्स) घेतल्या आणि चौथ्या महिन्यात दोन पोरं सोडून गेली, त्या दोन रिकाम्या सीटचे आठ महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. टीम स्थिर असेल तर वर्षाचं, नाहीतर महिन्याचं, थोडं महाग पडलं तरी. आणि महिन्याची रक्कम १५,००० च्या आत असली की ओटीपीची भानगड नाही, आदल्या दिवशी मेसेज येतो आणि पैसे गुपचूप जातात.

प्लॅनची तुलना करणाऱ्या त्या हिरव्या टिकमार्कच्या तक्त्याकडे तर मी आता बघतच नाही. बेसिक, प्रो, एंटरप्राइज, सगळीकडे टिका, आणि आपल्याला हवी ती एक टिक नेमकी सगळ्यात महागड्या रकान्यात. मी दोनच गोष्टी शोधते: हे लोक मोजतात काय, आणि आपण पैसे भरणं थांबवलं तर दुसऱ्या दिवशी काय होतं.

मोजणी प्रत्येकाची वेगळी. डॉकर डेस्कटॉप (अ‍ॅप्स वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवायचं सॉफ्टवेअर) कंपनीचा आकार बघतं, २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत, दोन्ही जमलं तरच फुकट. आमची १४ माणसं, त्यामुळे प्रश्नच नाही (आणि लिनक्स सर्व्हरवरचं डॉकर इंजिन ओपन सोर्स आहे, त्याचे पैसे भरायची गरज नसते, हे मी सरांना तीनदा सांगितलंय). रेड हॅट, म्हणजे सर्व्हरचं लिनक्स विकणारी कंपनी, मशीन मोजतं, एका सबस्क्रिप्शनमध्ये दोन सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा) एक फिजिकल सर्व्हर किंवा दोन व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेली आभासी मशीन). उबुंटू प्रो (उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचा सपोर्टवाला प्लॅन) ५ मशीनपर्यंत फुकट. म्हणजे माणसं कमी आणि मशीन जास्त असतील तर सीटवाला प्लॅन परवडतो, उलट असेल तर उलटं.

पैसे थांबल्यावर काय, यात मला जेटब्रेन्सचा (कोड लिहायची सॉफ्टवेअर विकणारी कंपनी) प्रकार आवडतो. वर्षाचं घेतलं की त्यावेळची जी आवृत्ती असेल ती कायम आपली, पुढे पैसे नाही भरले तरी ती चालते, फक्त नवीन मिळत नाही. रेड हॅटमध्ये मशीन चालू राहतं पण अपडेट यायचे बंद. आणि आमच्या त्या बिल्ड सर्व्हरसारखं जे पूर्ण दुसऱ्याच्या क्लाउडवर असतं तिथे थेट दारच बंद.

फुकटच्या प्लॅनची एक गंमत सांगते. सेंटओएस ८ (रेड हॅटसारखंच पण फुकटचं लिनक्स) चा सपोर्ट २०२१ च्या शेवटी संपवतोय असं रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं, बोंबाबोंब झाली, मग जानेवारीत त्यांनी डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोकळं केलं, १६ मशीनपर्यंत फुकट आणि प्रोडक्शनलाही (खऱ्या कामाच्या सर्व्हरलाही) चालेल. आमच्या ज्युनिअरने स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि क्लायंटचे चार सर्व्हर त्यावर लावून मोकळा. "ताई, प्रोडक्शनला चालतं असं त्यांनीच लिहिलंय ना." चालतं रे बाबा, पण ते सबस्क्रिप्शन माणसाच्या नावावर असतं, कंपनीच्या नाही, उद्या तू पुण्याला नोकरी धरलीस की सर्व्हरची नोंदणी तुझ्या ईमेलमागे पुण्याला. तोंड बारीक करून बसला, मग दोघांनी मिळून शनिवारी तीन सर्व्हर अल्मालिनक्सवर (तसंच दुसरं फुकटचं लिनक्स) हलवले.

तीनच, कारण चौथा वेगळा. तो वाशीच्या एपीएमसीमधल्या भाजीच्या व्यापाऱ्याचा डेटाबेस. त्यांच्याकडे माल रात्री उतरतो, पहाटे बिलं फाटतात, सकाळी दहाला आपण चहा घेतो तेव्हा त्यांचा धंदा आटपत आलेला असतो. तिथे रेड हॅटचा स्टँडर्ड सपोर्ट घेऊन काय करायचं, तो ऑफिसच्या वेळेपुरता. पहाटे तीनला डेटाबेस बसला तर शेठ फोन मलाच करणार. त्या एका सर्व्हरला प्रीमियम घेतला, चोवीस तासवाला. काकांनी आकडा बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, काका, रात्रीचे फोन तुमच्या नंबरवर वळवू का? सही केली.

बिल्ड सर्व्हर महिन्याच्या प्लॅनवर गेला. प्रीमियमवाला मात्र वर्षाचाच, तो मुद्दाम फेब्रुवारीत घेतला म्हणजे रिन्यूअल पण फेब्रुवारीत येईल, गणपती लांब आणि शिमगा अजून यायचा असतो, सर ठाण्यातच सापडतात.