वासोटा-नागेश्वर: परवानगीपासून अनामतीपर्यंत

वासोट्याला मनात आलं आणि निघालो, असं चालत नाही. हा किल्ला कोयना अभयारण्यात आहे. अभयारण्य १९८५ सालचं, पुढे २०१० मध्ये चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि पावसाळ्यात जंगल बंदच असतं.

साताऱ्याहून अंधारातच गाडी काढली आणि कास पठारावरून बामणोली गाठली. तिथे आधी फॉर्म, ओळखपत्रं, मग बोट. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून माणसं जमवून जावं. शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, पायथ्याच्या मेट इंदवलीला पोचायला साधारण दीड तास लागतो. बोटवाले मामा वाटेत पाण्याकडे हात करून कुठे भातखाचरं होती, कुठे देऊळ होतं ते सांगत होते. कोयना धरणाने या खोऱ्यातली गावंच्या गावं उठवली. जंगल बघायला जाणाऱ्याने हेही ऐकावं.

मेट इंदवलीला खरी तपासणी. "दादा, सॅक मोकळी करा," म्हणत वनरक्षकांनी बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिक्कीचे कागद, अगदी माझी गोळ्यांची पट्टीसुद्धा मोजली. आकडा वहीत लिहिला, अनामत घेतली. आमच्यातले एक जण वेळ जातोय म्हणून कुरकुरले. मला विचाराल तर ही मोजणी प्रत्येक गडावर हवी!

ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार केला आणि झाडीत शिरलो. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. वाटेवर गव्याचं ताजं शेण होतं, म्हणून बोलणं बंद केलं. थोड्याच वेळात वरून टरफलं पडायला लागली. मान वर केली तर शेकरू! तांबूस पाठ, पिवळसर पोट, झुपकेदार शेपूट फांदीखाली सोडलेली. पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून कुरतडत होतं. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

गडावर बिनछपराचा मारुती, चुन्याचा घाणा, आणि पोटात गोळा आणणारा बाबूकडा. पेशवाईच्या उतरत्या काळात पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांशी हाच गड झुंजवला. एवढी झाडी आणि असे कडे, गोखल्यांना तो सहजासहजी का मिळाला नाही ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

उतरताना फाट्यावरून नागेश्वराकडे वळलो. ही वाट लांबते, पाय बोलायला लागतात. गुहेत पिंडीवर वरून थेंब थेंब पाणी पडत असतं. महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवणेकडून लोक हा कडा चढून दर्शनाला येतात. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची असतील तर सकाळची पहिलीच बोट धरा. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत चौकीवर हजर व्हावंच लागतं.

आम्ही वेळेत पोचलो. वनरक्षकांनी वही उघडून पुन्हा सगळं मोजलं, गोळ्यांची पट्टीही विचारली, आणि अनामत परत दिली.