वाचनालयाच्या संकेतस्थळावरील तुटलेल्या लिंक तपासताना

आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या किनारपट्टीची माहिती देते. सुवर्णदुर्ग, हर्णैचा मासळी लिलाव, वेळासला अंडी घालण्यासाठी येणारी ऑलिव्ह रिडले कासवे अशा विषयांवरील लेखांखाली आधारासाठी आणि पुढील वाचनासाठी लिंक दिलेल्या आहेत. कासव महोत्सवाच्या तारखा पिल्ले केव्हा बाहेर पडतील त्या अंदाजाने दरवर्षी बदलतात, आणि पुण्यामुंबईहून निघणारा माणूस आमच्या पानावरची लिंक उघडूनच त्या पाहतो. तेथे चुकीचे पान उघडले तर त्याची एवढी वाट वाया जाते. म्हणून सगळ्या लिंक तपासण्याचे काम मी अंगावर घेतले.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. आमचे जुने लेख साधारण त्याच काळातले असल्यामुळे पडझड बरीच असणार हे गृहीत धरूनच मी सुरुवात केली.

तपासणीसाठी मी ‘लिंकचेकर’ हा मोफत प्रोग्राम वापरला. तो मुखपृष्ठापासून सुरुवात करून प्रत्येक पानावरील लिंकचा माग घेत जातो आणि तुटलेली लिंक कोणत्या पानावर आहे तेही नोंदवतो. मात्र बाहेरच्या संकेतस्थळांकडे जाणाऱ्या लिंक त्याला वेगळी सूचना दिल्याशिवाय तो तपासत नाही, आणि आमच्यासाठी तर त्याच महत्त्वाच्या होत्या. दोन विनंत्यांमध्ये थोडे अंतर ठेवणेही आवश्यक असते. नाहीतर समोरचा सर्व्हर ४२९ म्हणजे ‘फार विनंत्या आल्या’ असे कळवून दार बंद करतो, आणि चांगली लिंक उगाच दोषी ठरते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे ‘वेळ संपली’ असा शेरा आलेल्या लिंक मी कधीही तेवढ्यावरून बाद केल्या नाहीत. त्यांची यादी वेगळी काढून नेट स्थिर असताना, शक्यतो रात्री, पुन्हा तपासली.

४०४ आणि ४१० या उत्तरांबाबत फारसा प्रश्न नव्हता. पहिल्याचा अर्थ पान सापडत नाही, दुसऱ्याचा अर्थ ते कायमचे काढून टाकले आहे. खरा धोका होता तो २०० या उत्तरात, म्हणजे प्रोग्रामने सुस्थितीत ठरवलेल्या लिंकमध्ये. एका सरकारी खात्याच्या संकेतस्थळाची फेररचना झाली तेव्हा सगळे जुने पत्ते नव्या मुखपृष्ठाकडे वळवण्यात आले. त्यामुळे किल्ल्याच्या माहितीची लिंक ‘चालू’ दिसत होती, पण उघडल्यावर किल्ल्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. एका घरगुती निवासाच्या डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याच कोणी घेतले होते आणि तेथे सट्ट्याच्या जाहिराती झळकत होत्या. हेही पान प्रोग्रामच्या लेखी निर्दोषच होते. वाचनालयाच्या नावाखाली मुलांपुढे असे पान यावे हे मला फार लागले. त्यानंतर बाहेरची प्रत्येक लिंक स्वतः उघडून, तिच्या आधीचे वाक्य वाचून, त्या वाक्यात सांगितलेली गोष्ट तेथे खरोखर आहे का हे पाहिल्याशिवाय तिच्यापुढे खूण करायची नाही, असा नियम मी ठेवला. वेळ खूप गेला, पण याला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आमच्याच पानांमधील काही लिंक मात्र अगदी वेगळ्या कारणाने तुटल्या होत्या, आणि मराठी पत्ते वापरणाऱ्या सर्वांनी ते जाणून घ्यावे. ‘किनाऱ्यावरील’ या शब्दातील ऱ्य संगणकावर दोन प्रकारे उमटवता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण सर्व्हरच्या दृष्टीने ते दोन निराळे पत्ते असतात. पानाचा पत्ता एका रूपात आणि लिंक दुसऱ्या रूपात असेल तर ४०४ येणारच. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत तीन बाइटचे असते आणि पत्त्यात सांकेतिक रूपात उतरताना नऊ अक्षरांची जागा घेते. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली पानाच्या नावाला अशी २०० अक्षरे देते, म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर लांब शीर्षक कापले जाते. मी पत्ते आखूड केले आणि दोन्ही जुन्या रूपांवरून नव्या पत्त्याकडे ३०१ चे कायमचे वळण दिले.

बाहेरच्या लिंक दुरुस्त करताना आधी त्याच संकेतस्थळावर नवा पत्ता शोधला. तो नसेल तर वेबवरील पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवरील प्रत दिली आणि ती कोणत्या तारखेची आहे हे शेजारी लिहिले. रत्नागिरी–सावंतवाडीच्या १८८० च्या गॅझेटिअरसाठी लिंकबरोबर खंड व पृष्ठ क्रमांकही नोंदवला, म्हणजे उद्या लिंक गेली तरी वाचकाला छापील ग्रंथातून संदर्भ काढता येईल.

यादीत आता प्रामुख्याने वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्यांच्या लिंक उरल्या आहेत. त्या प्रोग्रामला ४०३ म्हणजे ‘प्रवेश नाही’ असे उत्तर देतात, पण ब्राउझरमध्ये नीट उघडतात. म्हणून त्या बाद न करता हाताने तपासण्याच्या यादीत ठेवल्या आहेत, आणि पर्यटकांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मी त्या एकेक करून उघडून पाहणार आहे.