घंटा

शनिवारी दुपारी जेवून पडलो होतो. डोळा लागतोय न लागतोय तोच घंटा ऐकू आली. उठलो, पायांत चपला सरकवल्या, गाण्यांचं पुस्तक काखेत मारलं आणि धावत चॅपलच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत कुणी नाही. बाहेर कुणी नाही. कुंपणापलीकडच्या गल्लीतून म्हातारीचे केस विकणारा चालला होता. खांद्यावरच्या काठीला गुलाबी पुड्या आणि हातात घंटी.

बायबलमधला बालक शमुवेल देवाची हाक ऐकून, म्हातारा याजक एलीच बोलावतोय असं समजून, तीन वेळा एलीकडे धावला होता. त्याचं बरं होतं, हाक तरी खरी होती.

सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत येऊन मला सात आठवडे झालेत. निघताना मावशी म्हणाली होती, "आता काय, दिवसभर प्रार्थना." प्रार्थना आहे. पण तिच्याहून जास्त घंटा आहे. साडेपाचला उठायची, मग ध्यानाची, मिस्सेची, न्याहारीची, तासांची, जेवणाची, खेळाची, माळेची. दुपारी झोपायचीसुद्धा! आणि रात्री महामौनाची, म्हणजे तिथपासून सकाळच्या न्याहारीपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. शांततेचं म्हणाल तर लोहगावचा विमानतळ डोक्यावर. "बोल प्रभू, तुझा दास ऐकत आहे" म्हणून डोळे मिटावेत तर सुखोई बोलतं.

जुने फादर सांगतात, घंटा म्हणजे देवाचा आवाज. लिहिता लिहिता झाली तर अक्षर अर्धं टाकून उठायचं. मी एकदा 'क्ष' अर्धा टाकून उठलो. परत आल्यावर कुठला शब्द लिहीत होतो तेच आठवेना. तत्त्वज्ञानाच्या तासाला काय कळतं, असं रविवारी आई फोनवर विचारते. खरं उत्तर म्हणजे या लेखाचं शीर्षक, पण ते आईला सांगता येत नाही.

पाचव्या आठवड्यात घंटेची पाळी माझ्यावर आली. जिन्याखाली टांगलेली पितळी घंटा, तिला काथ्याची दोरी, आणि दोरीच्या टोकाला हात लागून लागून काळी गुळगुळीत झालेली गाठ. पहिल्या रात्री काळजीने मला झोपच आली नाही. अंधारात गजराच्या घड्याळाचे काटे चाचपडत पाहिले, पळत खाली गेलो आणि दणादण घंटा बडवली. साडेचार वाजले होते. साठ माणसं उठली, दाढ्या केल्या, चॅपलमध्ये येऊन बसली. बाहेर मिट्ट काळोख. हळूहळू एकेकाची मान भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली आणि मग माझ्याकडे. पण महामौन! कुणालाच काही बोलता येईना. तेवढा एक तास मला मौनव्रताचं माहात्म्य जितकं पटलं तितकं कुठल्याही पुस्तकाने पटवलं नसतं. न्याहारीला मात्र मला पाच भाषांमधून ऐकावं लागलं. पुण्यात असून आमच्या टेबलावर मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे चार भाषांमधलं काही कळलं नाही, हे त्यातल्या त्यात.

आजी असती तर तिने अशी चूक होऊ दिली नसती. वसईला आमच्या वाडीत घड्याळ लागायचंच नाही. देवळाची घंटा होती (आजी चर्चला देऊळच म्हणायची). दुपारी बाराला ती वाजली की केळीत वाकलेली आजी कोयता खाली ठेवायची, पाठ ताठ करायची, लाल लुगड्याचा पदर सारखा करायची आणि ओठातल्या ओठात नमो मारिया. आम्ही बावखलाकाठी, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठी, विटीदांडू खेळत असू. घंटा झाली की असेल तिथे उभं राहायचं, हा नियम. माझा चुलतभाऊ अट्टल. बाराच्या सुमाराला मुद्दाम रेंगाळायचा आणि घंटेच्या बरोबर आधी विटी उडवायचा. विटी हवेत, आम्ही पुतळे. झेल कोण घेणार? त्याचं म्हणणं, देवाच्या वेळेला पडलेली विटी बाद धरत नाहीत. आजीला न्याय मागितला तर ती म्हणायची, "प्रार्थनेत तुझं लक्ष विटीवर कसं?" झालं, बाद मीच.

वसईहून पुण्याला येणारा मी काही पहिला नाही. माझ्या आधी घंटाच आल्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिकडच्या चर्चमधल्या घंटा घाटावर येऊन देवळांत टांगल्या गेल्या. एक भीमाशंकरला, एक नाशिकला नारोशंकराकडे, एक वाईजवळ मेणवलीला. पुढे १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना चर्चसाठी जागा दिली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. हिशेब फिटला का, हे मला विचारू नका. विटीचासुद्धा अजून फिटलेला नाही.

गेल्या सुट्टीला आम्ही आठ-दहा जण मेणवलीला गेलो. सिनेमावाल्यांनी गाजवलेला तो घाट, फडणिसांचा वाडा, कृष्णेचं पाणी. इतर सगळे फोटोत रमले आणि मी घंटेपाशी. घंटेवर बाळाला घेतलेली मारिया आहे. मी तिच्याकडे पाहत राहिलो. गावाकडचं माणूस एसटी स्टँडवर अचानक भेटावं आणि काय बोलावं ते सुचू नये, तसं झालं.

झारखंडचा ब्रदर मागून येऊन म्हणाला, "वाजवू?"

मी नको म्हणालो. एरवी दिवसातून पंधरा वेळा वाजवतो, मग हिलाच का नको, ते मला सांगता येईना. तोही बिचारा हात खाली घेऊन उभा राहिला. मागोमाग बाकीचे आले आणि आम्हाला गप्प पाहून तेही गप्प झाले. सवयच ती, घंटेपाशी गप्प राहायची.

ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. खाली पायरीवर एक बाई गोधडी धूत होती. तिने आपटणं थांबवलं, पाठ ताठ केली, ओल्या हाताने पदर सारखा केला आणि आमच्याकडे पाहिलं.

"नुसते उभे काय राहिलात रे," ती म्हणाली, "वाजवा की."