सोलापुरात कसलं आलंय जंगल?

“काय ओ मॅडम, जंगलाचा अभ्यास करता म्हणता, पण सोलापुरात कसलं आलंय जंगल?” रिक्षात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. जंगल बघायचं तर ताडोबाला जावं, कोयनेला जावं. इथे काय, मुरूम आणि ऊन!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणता तसं जंगल इथे नाहीच. इथे माळरान आहे, आणि माझा सगळा खटाटोप माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे, एवढं दाखवण्यासाठी चाललेला असतो.

घोळ जुना आहे. आपलं वनशास्त्र ब्रिटिशांनी लाकडासाठी उभं केलं. 1864 मध्ये ब्रँडिस साहेब पहिले वन महानिरीक्षक झाले, 1878 मध्ये वन कायदा आला. सागवान आणि रेल्वेचे स्लीपर यांच्या हिशेबात गवताला जागा नव्हती, म्हणून माळ पडीक ठरला. आजही सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात असे माळ येतात. उलट एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची सावली दहा टक्क्यांहून जास्त असली की ते ‘वनाच्छादन’, मग ती आंब्याची बाग का असेना. बाग वन ठरते आणि लांडगा-काळवीट ज्या माळावर राहतात तो पडीक. मला याचं हसू यायचं, आता येत नाही.

सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. तोही लहरी. खाली दख्खनचा काळा पाषाण, वर वीतभर माती. अशा ठिकाणी झाड जगतं, नाही असं नाही. बाभूळ, बोर, हिवर तुरळक असतातच, पण राज्य गवताचं. 1973 मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातली गवताळ राने पाच प्रकारांत विभागली, त्यातला आपला प्रकार सेहिमा–डायकँथियम. म्हणजे आपलं शेडा-पवन्या आणि मारवेल. मात्र त्या काळी बहुतेक जाणकार धरून चालायचे, की चराई आणि आग थांबवली तर इथे आपोआप जंगल होईल. गवत ही मधली पायरी.

पुढच्या संशोधनाने हे गृहीतच हलवलं. ऊन पिणारी, सावलीत खुरटणारी ही गवतं आपल्या उपखंडात सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी फोफावली. शिवालिकच्या टेकड्यांमधल्या पुरातन मातीतल्या कार्बनवरून ते कळलं. माणसाच्या हातात कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. अर्थात प्रत्येक माळ जुना नसतो, काही खरोखरच तोडीने उघडे पडलेत. कुठला जुना, कुठला बिघडलेला, हे ओळखणं हेच तर काम आहे.

ते काम दिसायला फार फालतू दिसतं. पावसाळा सरता सरता मीटरभर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर टाकायची, आत काय काय उगवलंय ते मोजायचं, ओळखायचं, मग कापायचं, वाळवायचं, तोलायचं. मोज्यांत कुसळं, मानेवर ऊन. बहुवर्षायू शेडा-मारवेल, जमिनीत कंद धरणाऱ्या वनस्पती भरपूर असतील तर माळ बराचसा शाबूत आहे. नुसती कुसळी, एकवर्षायू गवतं आणि तरवड दिसला तर त्याला फार ओरबाडलंय. झाडाची कमाई वर दिसते, गवताची जुन्या म्हातारीच्या पैशासारखी पुरलेली असते. कार्बनचा मोठा भाग मुळांत आणि मातीत असतो, म्हणून वरून फोटो काढून तो कळत नाही.

आता अशा माळावर पाणी अडवायला यंत्राने उताराला आडवे सलग समतल चर खणले, त्यावर गिरिपुष्प लावलं, तर काय होतं? गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतलं झाड. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून जगतं. जगतं म्हणून लावलं जातं, कारण लागवडीचं यश जिवंत रोपांच्या टक्केवारीत मोजतात. ते हवेतला नत्र मातीत आणतं. शेताच्या बांधावर हा गुण, माळावर दोष, कारण कमी नत्रात जगायला सरावलेली गवतं मागे पडतात आणि तण माजतं. वर सावली. आणि चर खणताना गवताची मुळांची गादी फाटली, की ती दशकानुदशकं भरून येत नाही. 2016 ते 2019 या काळात राज्यात वृक्षलागवडीचं लक्ष्य 2 कोटींवरून 33 कोटींवर गेलं. एवढी रोपं लावायची तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी म्हणून नजरेत काय भरतं, ते तुम्हीच बघा.

माळढोकाला ही मोकळीकच लागते. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि दूरवर बघून धोका ओळखतो. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य झालं, कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. गावं, शेतं सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, आणि 2012 मध्ये ते सुमारे 1,222 वर आलं. आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. झाडांनीच त्याला घालवलं असं मी म्हणणार नाही. ऊस, विजेच्या तारा, शिकार यांचाही वाटा आहे.

चराईबद्दल माझं मत काही सहकाऱ्यांना पटत नाही. सरसकट बंदी मला आळशीपणा वाटते. कायम बंद ठेवलेल्या माळावर वाळलेल्या गवताचा थर साचतो, खालची लहान रोपं गुदमरतात आणि वणवा लागला तर आवरत नाही. जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे), बी पडल्यावर कापणी, आणि धनगरांशी बसून ठरवलेली पाळीपाळीची चराई, यात मेहनत आहे. पण लांडगा इथे बराचसा मेंढरांवरच जगत आलाय. मेंढरं हटवून लांडगा वाचवायचा हा हिशेब मला समजत नाही.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा की! मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो, तेव्हा होटगी रोडला कडुलिंबाची सावली मलाही हवी असते. रस्त्याकडेला, शाळेत, बांधावर, ओढ्याकाठी खुशाल लावा. फक्त वाढदिवसाला रोपं घेऊन नान्नजच्या माळावर जाऊ नका. जायचंच तर हिवाळ्यात पहाटे जा. मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून खालून खालून उडत असतात, नशीब असेल तर खोकड दिसतं. माळढोकाची आशा धरू नका, आणि पायात बूट घाला. कुसळं चपलेला दाद देत नाहीत.