तुम्ही विचारलंत म्हणून: रशियात शिक्षण फुकट आहे का?

"रशियात शिक्षण अजून फुकटच ना?" फुकटच. फक्त हे उत्तर ऐकून लगेच उठू नका.

१९९३च्या राज्यघटनेतलं ४३वं कलम शालेय शिक्षण मोफत ठेवतं. विद्यापीठाचं मात्र स्पर्धेत टिकलात तरच. विद्यापीठातल्या काही जागांचा खर्च सरकार करतं, त्या 'बजेट' जागा, उरलेल्या फीच्या. १९९०-९१ मध्ये विद्यार्थी होते सुमारे २८ लाख, २००८-०९ मध्ये ७५ लाख. वाढले ते बहुतेक फीवाले.

"म्हणजे सरकारने हात झटकले?" तसं सरळ नाही. १९९२च्या कायद्यात राष्ट्रीय उत्पन्नाचा किमान १० टक्के वाटा शिक्षणाला लिहून दिला होता. प्रत्यक्षात शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. ते कलम रद्द झालं २००४ मध्ये, आणि तेलाची जादा कमाई साठवायचा स्थिरीकरण निधीही त्याच वर्षीचा! गरिबीची सबब इथे मला पटत नाही.

आता येगे, म्हणजे देशभरातली एकच शालान्त-प्रवेश परीक्षा. आधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी. तिथलेच प्राध्यापक शिकवण्या घेत, लाचही चाले, आणि सायबेरियातल्या मुलाला परीक्षेसाठी मॉस्कोचं भाडं परवडत नसे. २००१ पासून प्रयोग, २००९ पासून सक्ती. मी येगेची बाजू घ्यायचे. अजूनही घेते, पण पूर्वीइतकी ठासून नाही, ते २०१४ मुळे.

२०१३ मध्ये प्रश्न परीक्षेआधीच इंटरनेटवर फिरले. अतिपूर्वेला पेपर सुटतो तेव्हा मॉस्को झोपेत असतं, त्यामुळे फुटायला वावही भरपूर. पुढच्या वर्षी कॅमेरे लागले, मोबाइलवर कडक बंदी आली, वेगवेगळ्या कालपट्ट्यांना वेगळे प्रश्नसंच गेले. गुण धाडकन खाली आले. रशियन आणि गणितात किमान गुण नसतील तर शाळेचा दाखलाच मिळत नाही. म्हणून परीक्षा झाल्यावर रशियनची मर्यादा १०० पैकी ३६ वरून २४ वर, गणिताची २४ वरून २० वर आणली. म्हणजे आधीच्या वर्षांचे निकाल किती खरे होते? पण मर्यादा तशीच ठेवली असती तर शिक्षा मुलांनाच झाली असती, निकाल फुगवणाऱ्यांना नव्हे. मंत्रालयाच्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं, आणि तरी ते मला खुपतं. २०१५ मध्ये गणिताचे दोन पेपर केले: दाखल्यापुरता सोपा आणि प्रवेशासाठी कठीण. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो.

आता पुष्कळ मुलं नववीनंतरच कॉलेजात, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाला जातात. तिथे येगे लागत नाही, दाखल्यावरच्या ग्रेडची सरासरी बघतात. कॉलेज झालं की विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेने पुढे जाता येतं. होय, जी बंद करायला येगे आणली तीच. कॉलेजातही 'बजेट' आणि फीच्या जागा आहेतच.